कैद्यांच्या छावणीतून आलेला व्यायाम आणि आपला हॉल

परवा रविवारच्या क्लासचा फोटो टाकला, तर दोन तासांत चार जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली. एकाने तर सरळच लिहिलं, "पत्रकार साहेब, हे हिरॉइनींचं फॅड आपल्या गावात कशाला?" राग आला नाही. तीन वर्षांपूर्वी मीही हेच लिहिलं असतं. पण उत्तर चार ओळींत मावणारं नाही. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझी भानगड सांगतो. वीस वर्षं मोटारसायकलवर तालुका फिरायचा आणि रात्री डेस्कवर मान घालून बातम्या टाइप करायच्या, हा आपला धंदा. ग्रामपंचायत निवडणुकीच्या मतमोजणीला तहसीलच्या आवारात पेन खाली पडलं, ते उचलायला वाकलो आणि सरळच होता येईना. दोन पोलिसांनी दोन्ही बाजूंनी धरून जीपमध्ये बसवलं. लोकांना वाटलं पत्रकाराला अटक झाली, आणि काहींना आनंदही झाला असं नंतर कळलं. कमरेतली गादी सरकली होती. दीड महिना फिजिओथेरपीच्या मॅडमकडे शेक आणि मशीन घेत पडून राहिलो. एक दिवस मॅडम म्हणाल्या, "दादा, शेक घेऊन किती दिवस काढणार? उठा, सतरंजीवर या." तो माझा पिलाटेसचा पहिला दिवस. आपल्याकडे अजून निम्मे लोक 'पायलट' म्हणतात. एसटीतून निवृत्त झालेले आपले आप्पा पहिल्या दिवशी दारात उभे राहून विचारत होते, "पायलटचा क्लास इथंच का?"

पत्रकाराची खोड अशी की दुखणं थोडं कमी झालं की चौकशी सुरू. हा पिलाटेस कोण? वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की याची सुरुवात श्रीमंतांच्या बंगल्यात झालेली नाही, काटेरी तारेच्या आत झालेली आहे.

जोसेफ पिलाटेस हा माणूस १८८३ साली जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाख गावात जन्मला. आपल्याकडे मालेगाव किंवा इचलकरंजी, तसं ते गिरण्यांचं, कापडाचं गाव. पोरगा लहानपणी सतत आजारी. दमा, मुडदूस, संधिवाताचा ताप, सगळं झालेलं. वडील जिम्नॅस्टिक्स करणारे. पोरगंही त्या नादाला लागलं आणि शरीर कमावत गेलं. पुढे मुष्टियुद्ध, सर्कशीतले खेळ असं करत पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी तो इंग्लंडला पोचला.

१९१४ साली युद्ध पेटलं. इंग्लंडमध्ये राहणारा प्रत्येक जर्मन पुरुष एका रात्रीत शत्रू ठरला. त्यात न्हावी होते, वेटर होते, खलाशी होते, पाव भाजणारे होते. कोणी गुन्हा केला नव्हता, कोणावर खटला नव्हता. तरी हजारोंना उचलून छावण्यांत टाकलं. पिलाटेस आधी लँकेस्टरला आणि मग आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन बेटावर नॉकालो नावाच्या छावणीत गेला. मूळची ती शेतजमीन. तिथे लाकडी बरॅकी ठोकल्या, भोवती तारा ओढल्या आणि ऐन भरात तेवीस हजारांवर माणसं ठेवली. आपल्या गावाची लोकसंख्या मनात आणा, म्हणजे आकडा कळेल.

इथे जरा थांबतो, कारण मला सगळ्यात जास्त पकडून ठेवलं ते या जागेने. तुरुंगातल्या कैद्याला निदान शिक्षेची तारीख माहीत असते. या लोकांना तीही नव्हती. युद्ध संपेल तेव्हा सुटका, आणि युद्ध कधी संपणार ते कोणालाच ठाऊक नाही. काम नाही, घरचे दूर, रात्रंदिवस गर्दी, एक क्षण एकटं बसायची सोय नाही. माणसं चिडचिडी व्हायची, वाचलेलं डोक्यात राहायचं नाही, झोप उडायची. फिशर नावाच्या एका स्विस डॉक्टरने अशा छावण्या पाहून या अवस्थेला नावच दिलं, काटेरी तारेचा आजार. बंदिवान लोकांनी त्यावर आपापले उपाय काढले. कोणी नाटकं बसवली, कोणी शाळा चालवली, कोणी हाडांवर कोरीव काम केलं. पिलाटेसने शेजारच्यांना जमिनीवर झोपवलं आणि व्यायाम शिकवायला घेतला. जमिनीवरच का, तर दुसरं होतं काय तिथे? माणसाच्या लांबीरुंदीएवढी जागा मिळाली तरी पुरेल असा व्यायाम त्यातूनच घडत गेला.

(आपल्या जिल्ह्यातल्या मंडळींना हे वाचून धुळ्याचं जेल आठवेल. १९३२ साली विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. दोन्हींची तुलना करत नाही. पण कोंडलेली माणसं रविवारी एकत्र बसून काही शिकतात, हे चित्र आपल्याला परकं नाही एवढंच.)

आता एक गोष्ट जिथे तिथे छापलेली आढळेल. १९१८ च्या फ्लूच्या साथीत पिलाटेसच्या हाताखाली व्यायाम करणारा एकही माणूस दगावला नाही म्हणे. मी ही बातमी लावणार नाही. तिला आधार त्याच्या स्वतःच्या बोलण्याचा, आणि स्वतःची जाहिरात करण्यात गडी कच्चा नव्हता. आजारी माणसांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्यांना झोपल्या झोपल्या व्यायाम करायला लावल्याची कथाही त्याच गाठोड्यातली. पण हे खरं की पुढे त्याने जी साधनं बनवली ती दिसायला खाटेसारखीच होती आणि त्यांना स्प्रिंगा होत्या. सरकता पाट असलेल्या अशा एका साधनाचं अमेरिकन पेटंट त्याला १९२७ साली मिळालं. आज शहरातल्या महागड्या स्टुडिओत जे 'रिफॉर्मर' दिसतं, ज्याचा फोटो हिरॉइनी टाकतात, ते याच घराण्यातलं.

युद्धानंतर तो जर्मनीत परतला आणि १९२६ च्या सुमारास अमेरिकेला निघाला. बोटीवर त्याला क्लारा भेटली. दोघांनी मिळून न्यूयॉर्कला आठव्या अव्हेन्यूवर ९३९ नंबरच्या इमारतीत व्यायामाची खोली थाटली आणि पुढची चाळीसेक वर्षं ती चालवली. आसपास नाचाच्या शाळा. नर्तकांचे गुडघे, घोटे, कमरा कायम दुखावलेल्या. मार्था ग्रॅहम, जॉर्ज बॅलंशिन यांच्यासारखी नृत्यातली मोठी माणसं त्याच्याकडे येऊ लागली, आपल्या नर्तकांनाही पाठवू लागली. तो आपल्या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' म्हणायचा. 'पिलाटेस' हे नाव लोकांनी पाडलं. १९४५ साली त्याने पुस्तक काढलं, त्यात सतरंजीवर करायचे ३४ व्यायाम आहेत. पहिला 'हंड्रेड'. पाठीवर झोपायचं, डोकं आणि पाय उचलायचे, पाच मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर, आणि तेवढ्यात हात शंभर वेळा वरखाली. करून बघा. पहिल्या दिवशी चाळिसाला माझी हवा गेली होती.

गंमत म्हणजे याच काळात आपल्याकडे औंधचे राजे, भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराच्या मागे असेच हात धुऊन लागले होते. स्वतः रोज घालायचे, संस्थानातल्या शाळांत पोरांकडून घालून घ्यायचे, त्यावर पुस्तकं लिहायचे. १९३८ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. एक राजा, एक माजी बंदी, दोघांची गाठ पडल्याचं कुठे वाचलं नाही. पण दोघांचंही म्हणणं एकच, की माणसाला व्यायामाला पैसा लागत नाही, रोजची सवय लागते.

मला या सगळ्या कथेत जोसेफपेक्षा क्लारा जास्त आवडते. जोसेफ ओरडायचा, ढकलायचा, पांढरी आखूड चड्डी घालून छाती काढून फोटो काढून घ्यायचा. सिगारही ओढायचा, आणि शेवटी फुप्फुसाच्या विकारानेच गेला. क्लारा गप्प राहून काम करायची. दुखऱ्या, घाबरलेल्या, म्हाताऱ्या माणसाला काय झेपेल ते बघून ती व्यायाम बदलायची. तिच्या हाताची आठवण जुन्या शिष्यांनी मुलाखतींतून पुन्हा पुन्हा सांगितली आहे. पुस्तकावर मात्र नाव जोसेफचं. आपल्याकडेही घरोघर हेच, असो.

शिष्यांची नावंही माहीत असावीत. कॅरोला ट्रायर ही जर्मन ज्यू नर्तकी, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या छावणीत अडकलेली. सुटून अमेरिकेला आली, दुखापत घेऊन जोसेफकडे गेली आणि पुढे स्वतः शिकवू लागली. गुरू एका युद्धातला बंदी, शिष्या दुसऱ्या युद्धातली. कॅथी ग्रँट ही कृष्णवर्णीय नर्तकी, तिलाही दुखापतीनेच या वाटेला आणलं. नंतर तिने न्यूयॉर्क विद्यापीठात नाचणाऱ्या पोरांना कितीतरी वर्षं हे शिकवलं. तुटून आलेली माणसं शिकली आणि शिकवायला लागली, असाच हा सगळा सिलसिला आहे.

आता येतो वादाकडे, कारण ही पोस्ट खरं तर त्यासाठीच आहे.

१९६७ साली जोसेफ वारला. मृत्युपत्र नव्हतं, गादीचा वारस नेमलेला नव्हता. क्लाराने काही वर्षं शिकवलं, मग शिष्यांनी. त्यानंतर 'पिलाटेस' हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलं गेलं आणि हात बदलत १९९२ साली न्यूयॉर्कच्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेलं. त्याने देशभर नोटिसा धाडायला सुरुवात केली. जन्मभर हेच शिकवणाऱ्या लोकांना पाटीवर हा शब्द लिहिता येईना. कोणी 'त्या पद्धतीवर आधारित' असं लिहायचं, कोणी भलतंच नाव द्यायचं. शेवटी कॅलिफोर्नियात साधनं बनवणाऱ्या एका कारागिराने माघार घेतली नाही आणि खटला न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयात उभा राहिला. ऑक्टोबर २००० मध्ये न्यायाधीश मिरियम सीडरबॉम यांनी निकाल दिला. योग, कराटे हे जसे व्यायामप्रकार, तसाच पिलाटेस. हा शब्द कोणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही. ट्रेडमार्क रद्द.

त्या निकालामुळेच आज आपल्या हॉलच्या दाराला खडूने 'पिलाटेस, रविवार, ६.३०' लिहिता येतं.

पंधरा वर्षांनी योगाचीही पाळी आली. बिक्रम चौधरींनी २६ आसनं आणि दोन श्वसनप्रकार ठरलेल्या क्रमाने लावले होते, त्या क्रमावर ते कॉपीराइट सांगत होते. २०१५ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने तेही नाकारलं. दरम्यान भारत सरकारने पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयात आसनांची नोंद करून ठेवली, म्हणजे उद्या कोणी परदेशात पेटंट मागायला गेला तर दाखवायला कागद हाताशी.

हे वाचून मी फार खूश झालो होतो. व्यायाम सगळ्यांचा, नाव सगळ्यांचं, सतरंजी आपली, मग अडवतो कोण? या तोऱ्यात मी मागच्या पावसाळ्यात एक चूक केली. ती इथे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहायचा मला हक्क नाही.

मॅडम लग्नाला नाशिकला गेल्या होत्या. क्लास रद्द करा म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, लोक सकाळी साडेसहाला येऊन परत जाणार? मी घेतो. आणि पुस्तकातला क्रम धरून निघालो. पहिला हंड्रेड, दुसरा रोल अप, तिसरा रोल ओव्हर. रोल ओव्हर म्हणजे पाठीवर झोपून दोन्ही पाय डोक्यावरून मागे न्यायचे, आपल्या हलासनासारखं. एक काकू, वय अठ्ठावन्न, शुगर आहे, पापडाचं काम करतात. त्यांनी जोर लावून पाय मागे नेले आणि तशाच थांबल्या. मानेत कळ, उजव्या हाताला मुंग्या. मी त्यांना उठवायला धावलो, तेही चुकीचं. हात लावायला नको होता.

तीन आठवडे त्या मानेला पट्टा लावून होत्या. पापडाची ऑर्डर गेली. त्यांचा मुलगा संध्याकाळी घरी आला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "दादा, तुमच्याकडे याचं सर्टिफिकेट काय आहे?" माझ्याकडे पत्रकारितेचा डिप्लोमा आहे, हे मी त्याला काय सांगणार?

म्हणजे त्या निकालाची दुसरी बाजू मी माझ्या हाताने पाहिली. नाव मोकळं झालं तेव्हा ते माझ्यासारख्यांनाही मोकळं झालं. दोन दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारे आहेत, कोर्सही न करता लावणारे आहेत, आणि तपासणारं कोणी नाही. तरीही नाव एकाच्या कुलपात असायला हवं होतं असं मला वाटत नाही. त्या ट्रेडमार्कनेही कोणाची मान वाचवली नव्हती, वसुली तेवढी चालली होती. काकूंच्या मानेला काय झेपेल हे बघणारी नजर हवी होती, ती मॅडमकडे आहे आणि माझ्याकडे नव्हती. पुस्तकातला क्रम धडधाकट माणसासाठी आहे, हे त्यांनी मला नंतर दोन वाक्यांत सांगितलं. तिसरं वाक्य मला लागलं. म्हणाल्या, "दादा, तुम्ही त्या दिवशी काकूंकडे बघत नव्हता, पुस्तकाकडे बघत होता."

आता नियम असा. क्लास मॅडमचा. मी मोजतो, सतरंज्या सरळ करतो, आणि मॅडमनी लिहून दिलेले सात व्यायाम फक्त दाखवतो. नवीन माणूस आला की आधी त्यांच्या खोलीत तपासणी. काकू दिवाळीनंतर परत आल्या. खुर्चीवर बसून करतात. माझ्याकडे बघून अजून म्हणतात, "तुम्ही नका हं सांगू, मॅडमना येऊ द्या." सगळे हसतात, मीही हसतो.

तेवढ्या मोजण्यातही जे मिळतं ते कसं सांगू? आप्पांना चार महिने स्वतःच्या पायात मोजा घालता येत नव्हता, सून घालून द्यायची आणि त्यांना लाज वाटायची. एका रविवारी क्लास संपल्यावर ते बाकावर बसले, पाय गुडघ्यावर घेतला आणि मोजा चढवला. कोणी टाळी वाजवली नाही. मी आणि मॅडमनी फक्त एकमेकांकडे पाहिलं. माझं म्हणाल तर गॅसची टाकी उचलताना आधी पोट आत घेतो, मग वाकतो. पुढाऱ्याच्या पत्रकार परिषदेत दोन तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून उठताना तोंड वेडंवाकडं होत नाही. बातमी लिहिताना खांदे कानाशी गेलेत हे आता आपोआप कळतं. सिक्स पॅक आलेले नाहीत, कोणी विचारू नये.

आता हॉलचं. ज्या हॉलमध्ये हे चालतं ती नगरपालिकेची जुनी व्यायामशाळा. माझे वडील तिथे नमस्कार घालायचे. तेव्हा लाल मातीचा हौद होता, तो फरशीखाली गेला. मल्लखांबाचा खांब कोपऱ्यात उभा आहे, त्यावर आता वायरी टांगतात. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा हॉल नऊ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचा विषय आहे. खाजगी जिम येईल, एसी येईल, मासिक फी येईल. जिम वाईट नाही, गावात दोन आहेत आणि चांगल्या चालतात. पण आप्पांची पेन्शन आणि काकूंचे पापड यांतून ती फी निघणार नाही. सकाळी दोन तास हॉल सर्वांसाठी विनामूल्य मोकळा ठेवण्याची अट करारात घाला, एवढीच आमची मागणी आहे. अर्जावर १४२ सह्या झाल्या आहेत. ज्या नगरसेवकांनी केली नाही त्यांची नावं मी आज लिहीत नाही, सभा होऊ द्या.

सभा मंगळवारी ११ वाजता, प्रेक्षक सज्जात बसता येतं, कोणी अडवलं तर मला फोन करा. क्लास रविवारी नेहमीच्या वेळेला. पोट रिकामं ठेवा, सतरंजी घरून आणा. मान, पाठ, शुगर, बीपी काहीही असेल तर आधी मॅडमना भेटा, मला नको.